बाबांच्या ट्रंकेतला हिरोडोटस

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. बाबा गेल्यावर नेरूळच्या घरातली त्यांची ट्रंक उघडली, तर तळाशी हिरोडोटस या प्राचीन ग्रीक इतिहासकाराच्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद निघाला. लंडन, 1709, अनुवादक आयझॅक लिटलबरी. दोन खंडांपैकी पहिलाच आहे. कातडी पुठ्ठा निखळलाय, कडांना कसर लागलीय. बाइंडरकडे टाकू का? सुटा खंड ठेवण्यात अर्थ आहे का? असे आणखी अनुवाद जमवायचे तर सुरुवात कशाने करू?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : बाइंडरकडे मुळीच टाकू नका. ही चूक मी केलेली आहे. हेन्री केरीने केलेला हिरोडोटसचा 1847 सालचा अनुवाद मला माझ्या सरांनी दिला होता, समासात त्यांची पेन्सिलीची टिपणं होती. ठाण्यातल्याच एका दुकानात शिवायला दिला. जुजबंदी, म्हणजे पानांची शिवण, सुरेख झाली, पण नंतर नेहमीच्या सवयीने तिन्ही कडा मशीनवर छाटल्या गेल्या. सरांच्या एकेका ओळीची शेवटची दोन-तीन अक्षरं गेली. पंचवीस वर्षं झाली, अजून ते पुस्तक उघडवत नाही.

तुमचा निखळलेला पुठ्ठा जागेवर ठेवा आणि आपल्याकडे पोथी रुमालात बांधतात तसं धुतलेल्या सुती कापडात बांधा. सेलोटेप नको, कातड्याला तेल नको, प्लॅस्टिकची पिशवी तर नकोच. कसर मऊ ब्रशने झटका. खाडीकडचा दमटपणा तुम्हाला सांगायला नको. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला लागून कपाट ठेवू नका. कागदाची मात्र काळजी नको. तो चिंध्यांच्या लगद्याचा आहे, 1890च्या सुमाराच्या लाकडी लगद्याच्या कागदापेक्षा कितीतरी चिवट.

आता एक दुपार काढून पानं तपासा. प्रत्येक पानाच्या तळाशी उजवीकडे एक सुटा शब्द दिसेल, तो पुढच्या पानाचा पहिला शब्द. जुळला नाही, तर मधलं पान गेलेलं असू शकतं. काही पानांच्या तळाशी ए, बी, सी अशी अक्षरं आहेत, ती फर्म्यांची, म्हणजे घडी घालून एकत्र शिवलेल्या छापील तावांची. त्यात जे, डब्ल्यू किंवा व्ही-यू दोन्ही शोधू नका. छापखान्याची मुळाक्षरं तेवीसच असत. वाचताना ‘हिस्टरी’चं ‘हिफ्टरी’ होईल, कारण शब्दातला एस लांबट, एफसारखा छापलेला आहे. दोन पानांत सवय होते. मग हिरोडोटसच्या नऊ भागांतला तिसरा भाग काढा. हिंदुस्थानात झाडांना लोकर लागते, असं तिथे लिहिलंय. आपला कापूस!

सुट्या खंडाला बाजारात किंमत कमी, हे खरं. पण इंग्रजीत 1584 साली हिरोडोटसचे पहिले दोनच भाग आले होते. नऊही भाग इंग्रजी वाचकाला मिळाले ते तुमच्या लिटलबरीमुळे, 125 वर्षांनी. असलं पुस्तक घरात असताना अर्थ आहे का, हे विचारूच नये.

जमवताना एक गोष्ट आधी बघा : अनुवाद कशावरून केलाय? पुष्कळशा रशियन कादंबऱ्या मराठीत इंग्रजीवरून आल्या, तसंच तिकडेही झालं. थ्युसिडिडीस या दुसऱ्या ग्रीक इतिहासकाराचा टॉमस निकल्सने केलेला 1550चा अनुवाद फ्रेंचवरून, ते फ्रेंच लॅटिनवरून. ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचा टॉमस नॉर्थने केलेला 1579चा अनुवादही फ्रेंचवरूनच, आणि शेक्सपिअरने आपली रोमन नाटकं लिहिताना तोच वापरला. थेट ग्रीकवरून थ्युसिडिडीस आणला तो टॉमस हॉब्जने, 1629 साली. शीर्षकपानावर त्याने तसं छापूनच टाकलंय. ग्रीसचा नकाशाही त्याचाच. माझा जीव या पुस्तकावर आहे, पण मूळ प्रत पगारदाराच्या आवाक्यातली नाही.

तेव्हा एकोणिसाव्या शतकापासून सुरुवात करा. रॉलिन्सनचा चार खंडांचा हिरोडोटस, 1858 ते 1860. पण त्याच्याही आधी घ्या ते मॅक्रिंडलचं 1877चं पुस्तक, मेगॅस्थनीस व एरियन या ग्रीक लेखकांनी केलेल्या हिंदुस्थानच्या वर्णनांचं. मेगॅस्थनीसची मूळ ‘इंडिका’ हरवली. इतर ग्रीक आणि रोमन लेखकांनी उतरवून घेतलेले तुकडे तेवढे उरले, ते त्याने इंग्रजीत आणले. मराठी माणसाच्या कपाटात पहिल्यांदा हेच यावं, असं मला मनापासून वाटतं.

लिटलबरीचा दुसरा खंड शोधताना साल आणि पानाची लांबी-रुंदी वहीत टिपून जवळ ठेवा. मिळालाच तर त्याची बांधणी वेगळी असेल. असू द्या, जोडी जमवायला म्हणून बाबांचा खंड नव्याने बांधू नका.