एअरबोटला (मागच्या मोठ्या पंख्याच्या रेट्याने चालणारी बोट) ७२ इंची पंखा आणि गाडीचं व्ही-८ इंजिन (५००० आरपीएम, म्हणजे मिनिटाला ५००० फेरे) आहे. पंखा किती वेगाने फिरवावा?

इंजिनाचे आरपीएम सोडा, पात्याच्या टोकाचा वेग बघा. व्यास गुणिले ३.१४ गुणिले पंख्याचे आरपीएम, भागिले ६०. तुमचा पंखा १.८३ मीटरचा. ३००० ला टोक सेकंदाला साधारण २८७ मीटर जातं, ३५०० ला ३३५, म्हणजे जवळजवळ आवाजाच्या वेगाने. तिथे रेटा फारसा वाढत नाही, ताकद आवाजात वाया जाते, कानठळ्या बसतात. मी २६० च्या पुढे जाणार नाही.

म्हणून २:१ चा गिअरबॉक्स घ्या, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याचा एक. पंखा २५००, टोक २४० च्या आत. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सच्या दलदलीतल्या काही एअरबोटींवर विमानाचं इंजिन बिनागिअर चालतं, कारण ते मुळातच २७०० च्या आसपास फिरतं.

आणि इंजिन बंद असताना पात्याच्या कडेवरून हाताचं बोट फिरवून बघा. गवत, खड्यांनी पडलेली बारीक खाचही धोक्याची.