हात बसवल्यानंतरचं वर्ष: नव्या फिजिओथेरपिस्टला पत्र

सप्रेम नमस्कार,

हात-प्रत्यारोपणाच्या टीममध्ये तू रुजू होते आहेस, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. शस्त्रक्रियेचं सगळं सर्जन समजावतीलच. मला सांगायचंय ते पुढच्या वर्षाबद्दल. त्या वर्षात हा हात रुग्णाच्या प्रतिकारयंत्रणेने सोसायचा असतो आणि मेंदूने आपला म्हणायचा असतो. दोन्हींचा वेग वेगळा, आणि आपलं खरं काम या तफावतीतच असतं.

1998 च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्समधल्या लियाँ शहरात क्लिंट हॅलम यांना दात्याचा हात बसवला. हात जगला. पण पुढे त्यांनी औषधं सोडली, हात परका वाटतो असं सांगितलं, आणि फेब्रुवारी 2001 मध्ये लंडनला तो काढावा लागला. ‘मनाने नाकारला म्हणून शरीराने नाकारला’ असा अर्थ यातून बरेच जण काढतात. रुग्णासमोर हे वाक्य कधीही बोलू नकोस. टी-पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेतल्या पांढऱ्या पेशी, ओळखतात ती दात्याच्या पेशींवरची परकी प्रथिनं. रुग्णाला हात आवडतो की नाही, यावर त्या निर्णय घेत नाहीत. मनाच्या बाजूने एका प्रयोगाचा दाखला देतात: समोरचा रबरी हात आपलाच वाटायला लागला की लपवलेल्या खऱ्या हाताचं तापमान किंचित उतरतं, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालं होतं, पण पुढच्या प्रयोगांत ते सातत्याने दिसलं नाही. मनापासून रिजेक्शनपर्यंतचा, म्हणजे शरीराने हात नाकारण्यापर्यंतचा, खात्रीचा रस्ता एकच: चुकलेली गोळी आणि त्वचेवरचा न पाहिलेला चट्टा, जी रिजेक्शनची खूण असते. ‘माझ्या मनातच खोट आहे’ असं रुग्णाला वाटायला लागलं, तर तो आणखी गप्प होतो आणि चट्टा दाखवायचा राहतो.

आता आकडे बघ. मज्जातंतू जोडल्यावर साधारण महिनाभर त्यांची वाढ दिसत नाही, मग ते दिवसाला सुमारे एक मिलिमीटर वाढतात. मनगटाजवळ जोड असेल तर बोटांच्या टोकापर्यंत स्पर्श पोचायला सहा-सात महिने सहज लागतात. कोपराच्या वर असेल तर दीड वर्षाहून जास्त. तोवर हात कोमट असतो, नखं वाढतात, पण आतून काहीच कळत नाही. नेमकं याच काळात रिजेक्शन यायची शक्यता सर्वांत जास्त. पहिल्या वर्षात शंभरातल्या सुमारे 85 जणांना एकदा तरी ते येतं, आणि लवकर सापडलं तर बहुधा आटोक्यात येतं. पण बधिर हात दुखून सांगत नाही. तो डोळ्यांनीच बघावा लागतो.

म्हणून रोज सकाळी खिडकीपाशी, दिवसाच्या उजेडात, ट्यूबलाइटखाली नाही. आधी हाताची मागची बाजू आणि जोडाजवळची त्वचा, मग तळहात, शेवटी नखं. पुस्तकातला लाल चट्टा गोऱ्या त्वचेवरचा असतो. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर तो जांभळट किंवा नुसताच गडद दिसतो, कधी दिसतही नाही. तेव्हा सूज, ऊब आणि बारीक पुरळ बोटाने चाचपून बघायचं. रोजचा फोटो त्याच जागी, त्याच वेळी. हाताचा मूळ रंगही बदलू शकतो. 2017 मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात पुण्याच्या एका विद्यार्थिनीला पुरुष दात्याचे हात बसवले, आणि पुढच्या काळात ते उजळत आणि सडपातळ होत गेले. तेव्हा तुलना नेहमी गेल्या आठवड्याच्या फोटोशी. शंका आली तर त्याच दिवशी टीमला कळव. त्वचेचा तुकडा तपासायचा की नाही ते त्यांना ठरवू दे.

हे बघण्याचं काम रुग्णाने स्वतः करावं, यासाठी मी एवढी आग्रही आहे, कारण मेंदूचं कामही त्यातूनच सुरू होतं. स्पर्श परत यायच्या आधीपासून दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं: रुग्ण हाताकडे बघत असताना कापूस, टॉवेल, ज्वारीचे दाणे बोटांवरून फिरवायचे. दुसरा हात स्वतःचा असेल तर तिथेही त्याच जागी. स्पर्श जाणवू लागला की डोळे मिटून ओळखायला सांग, चुकलं तर डोळे उघडून पुन्हा. घाई नको आणि घासणं तर मुळीच नको. तळहातावर सतत घर्षण आणि दाब पडला तर तिथे लाली, खपल्या आणि नखांचे बदल असं वेगळ्या तऱ्हेचं रिजेक्शन आल्याच्या नोंदी आहेत. चहाचा कप, तवा, आंघोळीचं पाणी यांची उष्णता आधी स्वतःच्या शाबूत त्वचेने तपासायची. ही सवय पहिल्याच आठवड्यात लाव.

एक गोष्ट मुद्दाम बघत जा: त्या हाताची नखं कोण कापतं? महिनोन्‌महिने बायको किंवा आईच कापत असेल, रुग्ण तेव्हा दुसरीकडे बघत असेल आणि हात उशीखाली किंवा ओढणीत जात असेल, तर त्याच आठवड्यात मानसोपचारतज्ज्ञांना सांग. गोळ्यांची डबीही त्याच दिवशी मोजून घे.

गोळ्यांबद्दल तुला इतकं तरी माहीत हवंच. टॅक्रोलिमस, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवणारं औषध, दर बारा तासांनी, ठरलेल्या वेळी. रक्ततपासणीच्या दिवशी सकाळची गोळी रक्त दिल्यानंतरच, नाहीतर रक्तातल्या औषधाच्या पातळीचा आकडा फसवा येतो. त्या औषधाने बोटं थरथरतात. रुग्ण म्हणतो, ‘हा हात माझं ऐकत नाही.’ तेव्हा त्याला सांग की हा औषधाचा परिणाम आहे, पातळी जास्त असेल तर डॉक्टर मात्रा बदलतील. आपणहून गोळी कमी करायची नाही. जुलाब लागले तर पातळी वाढू शकते, हेही कळवायचं. पपनस आणि ग्रेपफ्रूट बंद. टीबीसाठी रिफॅम्पिसिन सुरू झालं तर पातळी झपाट्याने कोसळते, त्यामुळे बाहेरच्या डॉक्टरांनी दिलेली प्रत्येक चिठ्ठी टीमला दाखवायची. आणि घरचे मायेने गुळवेलीचा काढा देतात, ‘प्रतिकारशक्ती वाढेल’ म्हणून. या रुग्णाची प्रतिकारशक्ती आपण जाणूनबुजून दाबून ठेवली आहे, हे आई-वडिलांना समोर बसवून, काढ्याचं नाव घेऊन सांग. नुसतं ‘बाहेरचं औषध नको’ म्हटलं तर काढा त्यांच्या हिशेबात औषध नसतोच.