कोलोरॅडोसाठी मुलीचा शिक्षणाचा फंड मोडावा का?

प्रश्न: आम्ही दोघं, मुलगी (१७) आणि मुलगा (१२), नाशिकहून येत्या जूनमध्ये दहा दिवस कोलोरॅडोला जायचं म्हणतोय. डेन्व्हर, लेडव्हिलच्या खाणी, ड्युरँगो-सिल्व्हर्टन नॅरोगेज गाडी. फिरायला भाड्याची मोटार. अंदाज १० लाख, हाताशी ५ लाख. बाकीचे मुलीच्या इंजिनिअरिंगच्या इक्विटी फंडातून काढावेत की १४ टक्क्यांनी पर्सनल लोन घ्यावं? तिचा प्रवेश पुढच्या वर्षी आहे.

उत्तर: दोन्ही नको. ५ लाखांचं तीन वर्षांचं कर्ज म्हणजे महिना १७,१०० रुपये हप्ता आणि सुमारे १.१५ लाख व्याज. शिवाय हप्ते नेमके कॉलेजच्या फीवर येऊन आदळणार.

फंडाचं म्हणाल, तर तो आताच इक्विटीतून काढा, पण सहलीसाठी नव्हे. वर्षभरात लागणारा पैसा बाजारावर सोडू नये. लेडव्हिलचा जुना खाणमालक होरेस टेबर याची सारी दौलत चांदीभोवती होती. १८९३ मध्ये अमेरिकी सरकारने चांदीची खरेदी थांबवली, भाव कोसळला आणि हा माणूस शेवटी डेन्व्हरचा पोस्टमास्तर झाला. तुमचा फंड इतका एकांगी नाही, पण फीची तारीख बाजारासाठी थांबत नाही. वर्षभरापेक्षा जुन्या युनिट्सवर दरवर्षी १.२५ लाखांपर्यंतचा नफा करमुक्त असतो. म्हणून काही ३१ मार्चआधी विका, उरलेली एप्रिलमध्ये. ते पैसे एफडीत टाका.

सहल दोन वर्षांनी करा. तोच १७,१०० चा हप्ता आरडीत भरा. साडेसहा टक्के धरले तर २४ महिन्यांत ४.३५ लाखांच्या वर होतात. हाताशी असलेले ५ लाख एफडीत ५.६५ लाखांच्या पुढे जातात. व्याजावरचा कर वजा जाता १० लाखांच्या आसपास पोचता. तोवर डॉलर आणि विमानभाडं वाढलंच, तर कात्री ड्युरँगोला लावा. दिवस कमी करून विमानभाडं कमी होत नाही, पण डेन्व्हरहून ड्युरँगो एका बाजूने ५४० किलोमीटर आहे. तीन मुक्काम त्यातच जातात. डेन्व्हरपासून तासाभरावर जॉर्जटाउन लूप ही नॅरोगेज गाडी आहे, तिथे चांदीची जुनी खाणही आत जाऊन बघता येते. माझ्या मते मुलांना एवढं पुरे.

जूनचा पहिला पंधरवडाच धरा. ३,७०० मीटरवर चढणारा ट्रेल रिज रोड बर्फामुळे साधारण मेअखेरीस उघडतो, आणि जूनच्या मध्यात मुलाची शाळा. मुलीची सेमिस्टर परीक्षा तेवढी आधी तपासा. हा रस्ता रॉकी माउंटन नॅशनल पार्कात आहे. २०२६ पासून तिथे १६ वर्षं आणि त्यावरच्या परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेशशुल्काच्या वर माणशी १०० डॉलर पडतात. तुम्ही तिघं म्हणजे ३०० झाले. त्यापेक्षा सगळ्यांत मिळून २५० डॉलरचा एकच वार्षिक पास घ्या.

व्हिसाचे माणशी १८५ डॉलर नकार आला तरी परत मिळत नाहीत. व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत परतावा नसलेलं तिकीट काढू नका. लेडव्हिल ३,१०० मीटरवर आहे, तिथली हवा विरळ. सवय व्हावी म्हणून पहिल्या दोन रात्री डेन्व्हरलाच काढा, आणि कुणाला रक्तदाब असेल तर आधीचे आजार धरणारा विमा घ्या. मोटारीचं स्वस्त भाडं दिसलं की त्यात तिसऱ्या व्यक्तीच्या नुकसानीचा विमा किती आहे ते विचारा. कोलोरॅडोत कायद्याने लागणारं किमान कवच जखमी माणशी २५,००० डॉलर आहे, आणि तिथल्या हॉस्पिटलात ते एका दिवसात संपू शकतं.