पाण्याची पाळी, बहुमत आणि सर्वांचे हित

प्रश्न : आमच्या पाणीवापर संस्थेत शीर्ष भागातील, म्हणजे कालव्याच्या सुरुवातीकडील, सभासद संख्येने अधिक आहेत. आवर्तनाविषयीचा (कालव्याला पाणी सोडण्याच्या फेरीविषयीचा) जवळजवळ प्रत्येक ठराव त्यांच्या सोयीने मंजूर होतो आणि पुच्छ भागातील, म्हणजे कालव्याच्या शेवटाकडील, आम्हा शेतकऱ्यांच्या वाट्याला उरलेले पाणी येते. निर्णय सर्वसहमतीने घ्यावेत, हाच सर्वोदयाचा, म्हणजे सर्वांचे भले साधण्याच्या गांधीविचाराचा, मार्ग आहे, असे मी सभेत सुचविले. त्यावर ‘मग कामच होणार नाही’ असे उत्तर मिळाले. हे म्हणणे खरे आहे का? (एक वाचक, सोलापूर जिल्हा)

उत्तर : ते अगदीच निराधार नाही, पण अर्धेच खरे आहे. अधिकाधिक लोकांचे अधिकाधिक हित साधावे, या तत्त्वावर गांधीजींचा आक्षेप असा होता की, त्यात ५१ टक्क्यांच्या मानलेल्या हितासाठी ४९ टक्क्यांच्या हिताचा बळी देणे न्याय्य ठरते. आपल्या सभेत कोणी कोणावर हात उगारत नाही, हे खरेच. परंतु मतदानासाठी वर केलेल्या हातांनी एखाद्याचे उभे पीक वाळणार असेल, तर तो प्रश्न अहिंसेच्या विचाराबाहेरचा राहत नाही.

काम थांबते का, याचे उत्तर तर्कापेक्षा अनुभवात शोधणे बरे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावात अनेक वर्षांपासून ग्रामसभेचे निर्णय सर्वसहमतीने होतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा देणाऱ्या या गावाने निर्णयाची बैठक आणि अभ्यासाची बैठक वेगळी ठेवली. अभ्यासगटात विषयाची माहिती घ्यायची, बाहेरच्या जाणकारांनाही प्रश्न विचारायचे, मतभेद मोकळेपणाने मांडायचे. निर्णय मात्र ग्रामसभेतच आणि सर्वांनी मिळून करायचा. याला वेळ लागतो, यात शंका नाही. पण २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर या गावाला सामूहिक वनहक्क (जंगल सांभाळण्याचा व वापरण्याचा गावाचा हक्क) मिळाला, आणि त्यानंतरही बांबू बाहेर नेऊन विकण्यासाठी लागणाऱ्या वाहतूक परवान्यासाठी गाव एकजुटीने अडून राहिले, हे त्या लागलेल्या वेळेचेच फळ म्हटले पाहिजे. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले आणि गाव स्वतःच्या बांबूची विक्री स्वतः करू लागले. पुढे २०१३ मध्ये गावाने ग्रामदान स्वीकारले. जमिनीची मालकी ग्रामसभेकडे गेली, कसणाऱ्याचा कसण्याचा हक्क कायम राहिला आणि भूमिहीनांसाठी विसावा हिस्सा काढून ठेवण्यात आला. मेंढ्याचे स्वावलंबन आणि मेंढ्याची सहमती या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या काढता येत नाहीत, असे मला वाटते. ज्या सभेच्या हाती काहीच साधन नसते, तिच्या एकमताला कोण विचारतो?

तरीही मेंढ्याची रीत आपल्या संस्थेने जशीच्या तशी उचलावी, असे मी सुचविणार नाही. मेंढा हे लहान आणि बव्हंशी एकाच समाजाचे गाव आहे. जेथे हितसंबंध उघडपणे परस्परविरोधी आहेत, तेथे सर्वसहमतीचा नियम बलवानालाच नकाराधिकार देऊन बसतो : उसाला पाणी घेणारा एक सभासद ‘मला मान्य नाही’ म्हणेल आणि आजचीच वाटणी चालू राहील. शिवाय दुबळ्याचे मौन ही संमती म्हणून नोंदवली जाते, हा धोका निराळाच. म्हणून अशा ठिकाणी शेवटच्या माणसाचा वाटा आधी नियमाने सुरक्षित करावा आणि सहमतीचा आग्रह त्यानंतर धरावा, हा क्रम मला अधिक योग्य वाटतो. शेतकऱ्यांनी सिंचन व्यवस्थापन करण्याबाबतच्या २००५ च्या राज्य कायद्यात शीर्ष, मध्य आणि पुच्छ या तिन्ही भागांना व्यवस्थापकीय समितीत समान प्रतिनिधित्व ठेवले आहे, ते याच जाणिवेने. आपल्या संस्थेत ते प्रत्यक्षात पाळले जाते का, हे सर्वप्रथम तपासावे.

वाटणीचा मापदंडच बदलण्याचे धैर्य मात्र उद्योजक विलासराव साळुंखे यांनी दाखविले. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे त्यांनी सुरू केलेल्या पाणी पंचायतीत पाणी जमिनीच्या नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात मिळत असे : माणशी अर्ध्या एकरापुरते आणि कुटुंबाला अधिकात अधिक अडीच एकरांपुरते. भूमिहीनांनाही पाण्याचा हक्क होता, जमीन विकली तरी पाणी तिच्याबरोबर जात नसे आणि ऊस वर्ज्य होता. योजनेच्या खर्चातला वाटा लाभधारकांनी स्वतः उचलायचा असल्यामुळे पाणी हे कोणाच्या उपकाराचे न राहता कमाईचे ठरले.

कालव्यावरील संस्थेला हा मापदंड सरसकट लागू करता येणार नाही, कारण तेथील हक्क लाभक्षेत्रातील जमिनीशी जोडलेला असतो. परंतु संस्थेला मोजून मिळालेल्या पाण्यातून प्रत्येक खातेदाराच्या पहिल्या ठरावीक क्षेत्राची पाळी पुच्छाकडून आधी पूर्ण करावी आणि उरलेल्या पाण्याचा विचार नंतर व्हावा, असा ठराव येत्या रब्बी आवर्तनापूर्वी आपण मांडू शकता. सभेआधी मागील दोन-तीन हंगामांतील पाळ्यांच्या नोंदी शीर्ष भागातील चार समंजस सभासदांसमवेत बसून वाचाव्यात. भर सभेत आकडे प्रथमच बाहेर पडले, तर त्यांचा आरोपच होतो.