वाचकांचे प्रश्न : जुन्या कानशीचा वस्तरा

प्रश्न : टाकाऊ लोखंडापासून दाढीचा वस्तरा घरी करण्याचा मी दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वेळी भंगारातून जीपच्या पाट्याचा तुकडा आणला, परंतु त्याची धार दोन दाढ्यांतच गेली. दुसऱ्या वेळी आजोबांच्या सुतारकामाच्या पेटीतील झिजलेली कानस घेतली, तिला घासून आकार दिला आणि लाल करून पाण्यात बुडवली, तेव्हा 'टक्' असा आवाज होऊन धारेपासून पाठीपर्यंत तडा गेला. माझे काय चुकले? — एक वाचक, मिरज

उत्तर : आपल्या दोन्ही प्रयत्नांची कारणे वेगवेगळी आहेत. गाडीच्या पाट्याच्या पोलादात कार्बनचे प्रमाण साधारण ०.५ ते ०.६ टक्के असते. धक्के सोसून पुन्हा सरळ होण्यासाठी ते घडवलेले असल्यामुळे कोयत्याला ते उत्तम ठरते, पण वस्तऱ्याच्या अतिशय पातळ धारेला लागणारा कठीणपणा त्यात टिकत नाही. चांगल्या जुन्या कानशीत मात्र कार्बन एक टक्क्याच्या वर असतो, आणि म्हणून आपली दुसरी निवड अगदी योग्य होती. (बेअरिंगच्या कडीचे पोलादही चालते, मात्र ती वर्तुळाकार कडी घरच्या भट्टीत सरळ करणे कष्टाचे असते.) अलीकडच्या काही स्वस्त कानशी केवळ वरच्या थरापुरत्या कठीण केलेल्या असतात. ते ओळखण्यासाठी डोळ्यांवर चष्मा लावून, कानशीवर जाड फडके गुंडाळून, तिचे टोक शेगड्यात (वस्तू घट्ट आवळून धरण्याच्या साधनात) धरून मोडावे. मोडलेली जागा सर्वत्र सारखी, बारीक दाण्यांची आणि राखाडी दिसली तर कानस कामाची आहे. वरचा थर आणि गाभा वेगळे दिसले तर ती बाजूला ठेवावी.

तड्याचे कारण बहुधा पाणी हेच आहे. आपल्याकडे पोलाद कठीण करण्याला 'पाणी देणे' म्हणतात, आणि कुदळीसारख्या जाड अवजाराला लोहार प्रत्यक्ष पाण्यातच थंड करतात. परंतु वस्तऱ्याची पाठ जाड आणि धार पातळ असते. पाण्यात धार क्षणात निवते, पाठ मागे राहते आणि दोहोंच्या ओढाताणीत पाते फुटते. त्यातच कानशीचे दाते पूर्ण घासून काढले नसतील, तर त्यांच्या प्रत्येक खाचेतून तडा सुरू होऊ शकतो. त्यामुळे पुढच्या वेळी खाण्याचे साधे तेल, सुमारे ५० ते ६० अंशांपर्यंत कोमट करून, उंच धातूच्या भांड्यात घ्यावे. हे काम उघड्यावर करावे आणि भांड्याचे झाकण हाताशी असू द्यावे, कारण तेल पेट घेऊ शकते.

आता क्रम सांगतो. प्रथम कानस लाल करून चुलीच्या कोरड्या राखेत रात्रभर पुरून ठेवावी, म्हणजे ती मऊ होते आणि दुसऱ्या कानशीने घासता येते. जस्ताचा किंवा क्रोमचा मुलामा असलेली वस्तू मात्र कधीही तापवू नये. तिचा धूर विषारी असतो. आकार देताना माझ्या मते सर्वांत जास्त लक्ष पाठीच्या जाडीकडे हवे, आणि नेमके तेथेच बहुतेकांची घाई होते. वस्तऱ्याला धार लावताना पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडावर टेकतात, म्हणजे धारेचा कोन हातावर नव्हे तर पाठीच्या जाडीवर ठरतो. पाते २० मिलिमीटर रुंद आणि पाठ साडेपाच मिलिमीटर जाड असेल तर कोन सुमारे १६ अंशांचा होतो आणि दाढीसाठी तो योग्य असतो. पाठ त्याहून बरीच पातळ झाली तर धार नाजूक होऊन तिचे कण तुटतात, आणि जाड राहिली तर पाते केस कापण्याऐवजी खेचते. धारेकडची कड या टप्प्यावर एक मिलिमीटर जाडच ठेवावी आणि मुठीच्या खिळीचे भोकही आताच पाडावे, कारण कठीण झालेल्या पोलादात ते पडत नाही.

नंतर पाते एकसारखे तापवावे. लोहचुंबक चिकटेनासे झाले की थोडे आणखी तापवून, धार खाली ठेवून, सरळ तेलात सोडावे. आडवे हलवू नये. नवी कानस त्यावरून घसरू लागली तर पाते कठीण झाले आहे, पण काचेसारखे ठिसूळही झाले आहे. लगेच स्वच्छ करून ओव्हनमध्ये २०० अंशांवर तासभर, असे दोन वेळा तापवावे. उजळ केलेल्या भागावर वाळलेल्या गवतासारखा फिकट पिवळा रंग येतो. पुढे धार पातळ करताना पाते वरचेवर पाण्यात बुडवावे. कडेला निळा रंग दिसला तर तेथील कठीणपणा गेला, असे समजून भट्टीपासून पुन्हा सुरुवात करावी लागते. मुठीसाठी मोडक्या शिसवी खिडकीच्या दोन पातळ पट्ट्या आणि पितळी तारेच्या खिळी पुरेशा आहेत.

प्रश्न : मी कानशीपासून केलेला वस्तरा हातावरचे केस कापतो, पण गालावर ओढतो. — एक वाचक, चिपळूण

उत्तर : धारेच्या दोन्ही बाजू टोकापर्यंत एकमेकींना मिळालेल्या नसाव्यात. संपूर्ण धारेवर मार्करची शाई लावून १००० नंबरच्या दगडावर, हाताच्या वजनाहून जास्त जोर न देता, घासावे. जेथे शाई उरते तेथे दगड लागलेला नाही. ती सर्वत्र पुसली गेल्यानंतरच ४०००, ८००० आणि शक्य असल्यास १२००० नंबरच्या दगडाकडे जावे. शेवटी जुन्या कमरपट्ट्याचे चामडे ताणून धरावे आणि पाठ पुढे, धार मागे ठेवून पन्नासेक वेळा फिरवावे. पट्टा ढिला असेल तर धार गोल होते. कोकणातील दमट हवेत पोलाद पटकन गंजते, म्हणून दाढीनंतर पाते कोरडे करून शिलाई मशीनच्या तेलाचे बोट फिरवावे. आणि हा वस्तरा घरातील दुसऱ्या कोणालाही वापरायला देऊ नये, कारण हेपटायटिस बी आणि सी यांचा संसर्ग रक्तातून होतो.