नागपुरात मातीच्या भेटवस्तूंचा घरगुती धंदा सुरू करायचा आहे. भट्टी कोणती घ्यावी, भांडवल किती लागेल?

भट्टी काहून घेता आधीच? पहिली दोन वर्षं माझा माल एका कुंभाराच्या भट्टीत, त्याच्या कुंड्यांसोबत, भाड्यानं भाजला जायचा. माती, पोती, कोरण्या, साचे मिळून २०१६ साली माझे आठेक हजार गेले. भांडवल भट्टीत नाही, जांगडात अडकतं; जांगड म्हणजे माल आधी दुकानात द्यायचा, पैसे विकला तेवढ्याचेच, उरलेला परत. तेच सांगायला बसले आहे.

हिवाळी अधिवेशनाच्या तोंडावर एका दुकानदारानं झिरो माईल या नागपुरातल्या जुन्या खांबाचे १५० नग मागितले. चार इंची, मधे खांब, भोवती चार घोडे. आमचे हिशेब मोठे भाऊजी पाहत. म्हणाले, "जांगड दे, नवीन माणसाला रोख कोण देते?" मला पटत नव्हतं, पण वही त्यांच्या हातात.

घोड्याचा पाय म्हणजे आगकाडीएवढी वळी. डिसेंबरात माल वरून वाळलेला दिसतो, पोटात ओल राहते. घाईनं भट्टी लावली की त्या ओलीची वाफ होते आणि आतून फट् फट् ऐकू येतं. ३० नग तिथंच गेले. १२० पोचवले. अधिवेशन संपलं, आमदार गेले, आणि जानेवारीत बिस्किटाच्या खोक्यात ७१ परत आले, साधा पेपरही न गुंडाळता. एकाही खांबाला चारही घोडे धड नव्हते. "मालच कच्चा," म्हणे. विकलेल्या ४९ नगांचे पैसे होळीला मिळाले, तेही तूटफूट वजा करून.

भाऊजी अजून म्हणतात, "एक दुकानदार तसा निघाला, त्यात काय?" एकाचा प्रश्नच नाही. जांगडात फुटलेला नग बनवणाऱ्याचा असतो, मग दुकानदार जपेल कशाला? रोखीनं घेतलेला नग तो स्वतः पुसून ठेवतो.

आता मी दीक्षाभूमीचा छोटा स्तूप करते. घुमटच तो, मोडायला काही नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत टेबल लावायचं, रोख घ्यायचे. तान्ह्या पोळ्याला मातीचे बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवतात त्या पुतळ्याची, मारबतीची, फ्रिजवर लावायची चुंबकंही करून पाहिली. लोक हसतात, फोटो काढतात, घेत कोणी नाही. "घेऊन जा गे मारबत" म्हणत जिला गावाबाहेर नेऊन जाळतात, तिला फ्रिजवर कोण लावेल?

चुंबकाची खोबण मोठीच ठेवा, माती वाळून-भाजून दहावा हिस्सा तरी आकसते. चुंबक भाजल्यावर चिकटवायचा. मे महिन्यात कच्च्या मालावर ओलं पोतं टाका, नाहीतर संध्याकाळपर्यंत तडे.

आणि हो, पाय बारीक वळले हा दोष माझाच होता. आता घोडे खांबालाच उठावात कोरते. दुकान अगदी ओळखीचं असेल तर पाच-दहा नग जांगड द्यायला हरकत नाही. फक्त मी असं म्हटलं हे आमच्या भाऊजींच्या कानावर जाऊ देऊ नका.