नाशिकरोडला शिकलेला पायलट पुढे चिनूक उडवतो का? अवजड हेलिकॉप्टरच्या तुकडीत नेमकं काय शिकवतात? (पुतणी दहावीत आहे, तिला हेच करायचंय.)

नाही उडवत. नाशिकरोडजवळच्या गांधीनगर तळावर दिवसभर घिरट्या घालतात ती चेतक आणि चीता ही हलकी हेलिकॉप्टरं, आणि तिथे शिकतात ते भूदलाचे अधिकारी. चिनूक हवाई दलाकडे आहेत. एकूण १५ घेतली, मार्च २०१९ मध्ये चंडीगडच्या १२६ हेलिकॉप्टर युनिटमध्ये ती दाखल झाली. त्याआधीपासून एमआय-२६ ही रशियन अवजड हेलिकॉप्टरं याच युनिटकडे. चिनूकसाठी पहिली माणसं २०१८ मध्ये अमेरिकेत डेलावेअरला शिकायला गेली: चार पायलट आणि तेवढेच फ्लाइट इंजिनियर. पायलटइतकेच इंजिनियर का, यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

माझी नोकरी तोफखान्यात झाली, आता देवळाली कॅम्पातच राहतो. मी पायलट नव्हे, हेलिकॉप्टरखाली उभं राहून तोफ हुकात अडकवणाऱ्यांतला. तेव्हा खालून जे दिसलं ते सांगतो.

ओझं पोटाखाली लटकतं, ते पायलटला दिसतच नाही. मागे फ्लाइट इंजिनियर फरशीतल्या झडपेपाशी पालथा पडून इंटरकॉमवर बोलत असतो: पुढे तीन, दोन, एक, थांब, जरा डावीकडे. त्या आवाजावर विसंबून अख्खं धूड फूटभर सरकवायचं. हे अंगवळणी पडेपर्यंत खालच्यांचे हाल विचारू नका. पात्यांच्या वाऱ्याने मुरूम छर्ऱ्यासारखा अंगावर येतो. शिवाय यंत्रात स्थिर वीज साठलेली असते. हुकाला आधी अर्थिंगचा दांडा लावायचा, मगच हात. घाईत विसरला तो जन्मभर विसरत नाही.

लोकांना वाटतं, जितकं जड तितकं अवघड. उलट आहे! जड तोफ गुमान लोंबते. छळतो तो रिकामा कंटेनर. वेग वाढला की तो झोके घेतो, आणि नवशिका पायलट सावरायला जातो तसे झोके वाढतातच. वेग कमी करायचा, अगदीच हाताबाहेर गेलं तर ओझं सोडून द्यायचं. चिनूकला पोटाखाली तीन हुक आहेत, ते झोके आवरायला कामी येतात. एम-७७७ तोफ (साधारण ४२०० किलो, नोव्हेंबर २०१८ मध्ये आमच्या देवळालीतच सैन्यात दाखल झाली) दोन हुकांवर टांगली की गरगरत नाही.

डोंगरात आणखी एक कटकट. उंचीवर हवा विरळ, इंजिन आणि पाती दोन्हींचा जोर घटतो. म्हणून प्रत्येक उड्डाणाआधी हिशेब: तापमान किती, उंची किती, इंधन किती कमी भरलं तर ओझं किती वाढेल. पुतणीचं गणित पक्कं करून घ्या, गंमत नाही करत.

दहावीत आहे म्हणजे वेळेत विचारलंत. नाशिकमध्येच मुलींसाठी सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था २०२३ पासून आहे, दहावीनंतर प्रवेश असतो. पुढे एनडीएचा फॉर्म भरताना पसंतीक्रमात हवाई दल पहिलं टाका. भूदल टाकलंत तर ती फार तर घराजवळ गांधीनगरला येईल, चिनूकवर नाही.